नागपूरहून परदेशी सेवेला: पहिल्या कागदापासून पहिल्या सुट्टीपर्यंत

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचंय, असं सांगत कुणी आलं की मी आधी विचारते, 'तुला काय येतं?' उत्तर बहुतेक वेळा 'लोकांसाठी काहीतरी करायचंय' असं येतं. भावना चांगली आहे, पण ते माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. तिकडच्या जिल्हा रुग्णालयात तळमळीचा तुटवडा नसतो. मलेरियाची स्लाइड नीट रंगवणारा, बंद पडलेला ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र, चालू करणारा, औषधांच्या साठ्याची नोंदवही लावून देणारा माणूस त्यांना हवा असतो.

मी लॅब टेक्निशियन. नागपुरात शिकले, इथेच एका खाजगी लॅबमध्ये काही वर्षं काढली आणि मग टांझानियातल्या एका जिल्हा रुग्णालयात स्वयंसेवकाचा करार केला. खालचं सगळं त्या अनुभवातून आलंय, आणि नंतर जाणाऱ्या मुलामुलींचे कागद लावून देताना जे कळलं त्यातून. म्हणून उदाहरणं पूर्व आफ्रिकेची जास्त आहेत. नेपाळला किंवा जर्मनीला जाणाऱ्यांनी तपशील बदलून घ्यावेत. क्रम तोच राहतो.

घरी 'हे काय नवीन खूळ' असं कुणी म्हणालं, तर एक गोष्ट सांगा. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत असतात. त्याच पथकात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे नागपुरातही फार थोड्यांना ठाऊक आहे. माझ्या बाबांवर या नावाचा बराच परिणाम झाला होता.

पायरी १: आधी जवळ जाऊन पाहा

अर्ज भरण्याआधी विदर्भातच एक-दोन महिने काम करा. आपल्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही. वरोऱ्याजवळ आनंदवन आहे, भामरागड तालुक्यात हेमलकशाला १९७३ पासून चाललेला लोक बिरादरी प्रकल्प आहे, गडचिरोलीजवळ शोधग्राम आहे आणि तिथला तरुणांसाठीचा 'निर्माण' उपक्रम आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथची श्रमसंस्कार छावणी भर मे महिन्यात असते, तिथे उन्हात हाताला फोड आले की आपली हौस किती आणि तयारी किती हे आपोआप कळतं. गडचिरोलीत ज्याचं मन रमत नाही त्याचं मलावीत रमेल, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

दुसरा फायदा कागदी आहे. निवड करणारे लोक 'दुर्गम भागात राहिलात का, मर्यादित साधनांत काम केलंत का' हे विचारतातच. तिथून निघताना लेटरहेडवर, तारखांसह, काय काम केलं हे लिहिलेलं पत्र मागून घ्या. नंतर मागितलं की दोन महिने फोन करत बसावं लागतं.

पायरी २: कोणामार्फत जायचं

इथे घाई करू नका. सगळी निस्तरानिस्तर पुढे याच निवडीमुळे होते.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. अर्ज त्यांच्याच संकेतस्थळावर प्रोफाइल बनवून करायचा. 'स्पेशालिस्ट' गटासाठी किमान वय २७ आणि सोबत कामाचा अनुभव लागतो. १८ ते २६ वयाच्यांसाठी वेगळा युवा गट आहे. दरमहा राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो, तो देशागणिक बदलतो. अर्जाला फी नाही. डॉक्टर, नर्स, लॅब, औषधनिर्माण, पाणी-स्वच्छता, हिशेब किंवा साठा-वाहतूक यांतलं काही येत असेल तर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही १९७१ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली संस्था पाहा. त्यांचं दिल्लीत कार्यालय आहे, आणि फ्रेंच येणाऱ्यांना तिथे खूप मागणी असते, कारण कामाचे कितीतरी देश फ्रेंच बोलणारे आहेत. कोवळ्या वयात, फारसा अनुभव नसताना जायचं असेल तर जर्मनीची 'बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट' योजना आहे. वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था, बालवाड्या अशा ठिकाणी साधारण एक वर्ष काम, खिशाला पैसे आणि आरोग्यविमा. मात्र कामापुरतं जर्मन आधी इथे शिकून जावं लागतं.

पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेत जाता येईल का, हे हमखास विचारलं जातं. येणार नाही. ती अमेरिकन नागरिकांसाठी आहे.

आता ज्यांच्यापासून लांब राहायचं ते. 'दोन आठवडे आफ्रिकेत सेवा करा, अमुक हजार भरा, प्रमाणपत्र मिळेल' असली जाहिरात दिसली की पुढे सरका. दोन आठवड्यांत तुम्हाला जेमतेम पाणी मानवतं. त्यात जर काम अनाथाश्रमात असेल तर अजिबात नको. नेपाळ आणि कंबोडियात पाहुणे आणि त्यांची देणगी येत राहावी म्हणून आईवडील असलेली मुलं अशा घरांत आणून ठेवल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत. दर पंधरवड्याला नवी ताई किंवा नवा दादा येऊन लळा लावून जातो, आणि त्या लेकरांनी काय करायचं?

'पर्यटक व्हिसावर या, पुढचं आम्ही पाहतो' म्हणणाराही टाळा. बिनपगारी काम हेसुद्धा बहुतेक देशांच्या कायद्यात कामच असतं. टांझानियात स्वयंसेवकाला 'क' वर्गाचा निवास परवाना लागतो आणि तो यजमान संस्थेने काढून द्यायचा असतो. संस्था हा परवाना काढायला का-कू करत असेल तर तिची नोंदणी तरी धड आहे का, हे तपासा. आणि व्हॉट्सअपवर आलेली कंबोडिया किंवा थायलंडची घाईघाईची ऑफर, जिथे मुलाखत पाच मिनिटांची आणि तिकीट तेच काढून देणार, ती सेवेची नसते. अशा ऑफरींवर गेलेली भारतीय मुलं म्यानमार-कंबोडियातल्या सायबर ठगांच्या अड्ड्यांत अडकली आणि सरकारला त्यांना सोडवून आणावं लागलं.

यजमान संस्थेला ईमेलवर हे विचारा: माझं रोजचं काम काय, माझा वरिष्ठ कोण, मी आल्यामुळे तिथल्या कुणाची नोकरी जाते आहे का, माझ्यानंतर हे काम कोण करणार, घर कोण देणार, आजारी पडले तर कुठे नेणार, सुट्ट्या किती आणि घरी येण्याचं तिकीट कोणाचं. यातल्या शेवटच्या प्रश्नाला लाजू नका. उत्तर लेखी घ्या.

पायरी ३: कागद

झिरो माइल आपल्याकडे असला तरी वकिलाती एकतर दिल्लीत नाहीतर मुंबईत. म्हणून कागदांना वाटतं त्याच्या दुप्पट वेळ धरा, आणि दुरांतोचं आरक्षण अर्जाबरोबरच करा.

पासपोर्टसाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज करून नागपूरच्या केंद्राची वेळ घ्यायची. ३६ पानांच्या पुस्तिकेला १५०० रुपये, ६० पानांच्या पुस्तिकेला २०००. पाचशे रुपये जास्त भरून ६० पानीच घ्या. आफ्रिकेतले व्हिसे आणि शिक्के पानंच्या पानं खातात. पोलिसांचा व्हेरिफिकेशनचा फोन येईल तेव्हा घरी कुणीतरी हवं. भाड्याने राहत असाल तर घरमालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो दारातच 'मला काही माहीत नाही' म्हणतो. पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रही याच संकेतस्थळावरून निघतं, फी ५००. ते फार आधी काढू नका, बहुतेक संस्थांना ताजं लागतं.

पदवीचं काम सगळ्यात कटकटीचं. विद्यापीठाकडून ट्रान्सस्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे, त्यामुळे करारातल्या देशांना अपोस्टिल पुरतो. जो देश करारात नाही त्याच्या वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. आणि मार्कशीटवर, पासपोर्टवर, आधारवर नाव एकसारखं आहे ना, ते आजच पाहा. वडिलांचं नाव कुठे मध्ये, कुठे शेवटी, आडनाव कुठे आधी हा आपल्याकडचा घोळ तिकडच्या कारकुनाला कळत नाही. त्याला ती तीन वेगळी माणसं दिसतात. नर्स, डॉक्टर, लॅबवाल्यांना तिथल्या परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. इथल्या परिषदेकडून 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र घेऊन ठेवा.

गाडी किंवा मोटरसायकल चालवावी लागणार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून घ्या. तो एक वर्षच चालतो. पत्त्याप्रमाणे तुमचं कार्यालय एमएच ३१, ४९ की ४० हे पाहून जा, उगाच अर्धा दिवस जातो.

पायरी ४: सुया आणि विमा

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, कारण खरी किंमत त्या पिवळ्या कार्डाची आहे. निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. २०१६ पासून एका डोसचं कार्ड आयुष्यभर चालतं. केंद्रं मोजकीच आहेत आणि ठरावीक वारीच देतात, म्हणून आधी वेळ ठरवा. लोक समजतात की हे कार्ड तिकडे शिरायला लागतं. आपल्याला ते परत येताना जास्त लागतं: केनिया, युगांडा अशा देशांतून आलेल्या माणसाकडे कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. दिवाळीला आलेला माणूस भाऊबीजेलाही घरी पोचत नाही.

बाकी टायफॉइड, हिपॅटायटिस अ आणि ब, धनुर्वात, आणि खेडेगावात राहणार असाल तर रेबीजचे आगाऊ डोस. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, हे डॉक्टरच ठरवतील; पण 'आम्ही विदर्भातले, आम्हाला डास काय करतो' हे बोलणं तिथे सोडून द्या. माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली फॅल्सिपेरम या मलेरियाच्या घातक परजीवीच्या अंगठीसारख्या आकृत्या रोज दिसायच्या आणि त्यांत परदेशी स्वयंसेवकांच्याही स्लाइड असायच्या. थोडी जरी कणकण वाटली तरी त्याच दिवशी तपासणी.

विमा घेताना एकच ओळ शोधा: गंभीर आजारात विमानाने हलवण्याचा खर्च. ती नसेल तर ती पॉलिसी काश्मीरच्या सहलीपुरती ठीक.

पायरी ५: पैसा आणि मोबाईल

भत्त्यात बचत होत नाही असं धरूनच चला. घरावर कर्जाचा हप्ता असेल किंवा धाकट्याची फी तुमच्यावर असेल, तर आधी ते मार्गी लावा, मग जा. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३००० डॉलरपर्यंत नेता येतात. त्याहून कितीतरी कमी पुरतात. बाकी फॉरेक्स कार्डवर. पूर्व आफ्रिकेत भाजीवालीपासून बसच्या तिकिटापर्यंत मोबाईलवरचा पैसा चालतो. केनियात एम-पेसा २००७ साली आलं, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी, तेव्हा तिथे जाऊन यूपीआयची फुशारकी मारू नका.

इथलं सिम मात्र जिवंत ठेवा. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि रिचार्ज संपून नंबर दुसऱ्या कुणाला गेला की खातं उघडायला स्वतः शाखेत यावं लागतं. रोमिंग सुरू आहे ना ते निघण्याआधी बघा. आईबाबांच्या खात्यात तुमचं नाव 'दोघांपैकी कुणीही' या पद्धतीने जोडून घ्या. दीर्घ करार असेल तर खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करायचं का आणि आयकरात तुम्ही निवासी ठरता का, हे सीएला विचारा. शेजारच्या काकांना नको.

पायरी ६: बॅग

टांझानियात २०१९ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, केनियात २०१७ पासून, रवांडात त्याच्याही आधीपासून. विमानतळावर बॅग उघडून पिशव्या काढून घेतात. आपल्याकडे आई प्रत्येक वस्तू 'सांडू नये म्हणून' तीन-तीन पन्न्यांत गुंडाळते. त्या सगळ्या घरीच सोडून सामान कापडी पिशव्यांत भरा.

खायचं फार नेऊ नका. पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या शहरांत गुजराती दुकानांत तूरडाळ, कणीक, हळद सगळं मिळतं, आणि चपाती, चहा, सामोसा तर तिथल्या लोकांचंच रोजचं खाणं झालंय. जे मिळत नाही तेच न्या: काळा मसाला, सावजी मसाला, तिळाची आणि जवसाची चटणी, सांडगे. तेलाचं लोणचं नेलंच तर मोठ्या बॅगेत, झाकणाला टेप लावून. हातातल्या बॅगेत ते सुरक्षा तपासणीत राहतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची. तिथला दंड आपल्या लोणच्याच्या किमतीचा नसतो.

हेडटॉर्च, चांगली चप्पल, नियमित औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह, चष्म्याची दुसरी जोडी, सगळ्या कागदांच्या प्रती फोनमध्ये आणि एक संच घरी. संपलं.

पायरी ७: पहिले महिने

पहिला महिनाभर काही सुधारायला जाऊ नका. नुसतं बघा. आमच्या प्रयोगशाळेत स्लाइड रंगवायचा जिम्साचा रंग नळाच्या साध्या पाण्यात पातळ करत होते. पुस्तकाप्रमाणे ते ७.२ पीएचच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता ठरलेली राहणाऱ्या द्रावणात, करायचं असतं, नाहीतर पेशी धुरकट दिसतात. पहिल्याच दिवशी टोकलं असतं तर समोरची ताई गप्प झाली असती. तिसऱ्या आठवड्यात चहा पिताना कळलं की बफरच्या गोळ्या कितीतरी महिन्यांत आलेल्याच नाहीत, आणि मागणीपत्र जिल्ह्याच्या कार्यालयात अडकलंय. त्यांना पद्धत माहीत होती, वस्तू नव्हती. मग माझं खरं काम ठरलं: साठ्याची वही, आणि मागणीपत्रामागे दर सोमवारी लागणं. रंग कसा करायचा हे मला कुणाला शिकवावंच लागलं नाही.

भाषा रोज थोडी. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हटल्याशिवाय स्वाहिली भागात पुढचं बोलणं सुरू होत नाही. ते 'मराहाबा' म्हणतात, मग काम. आपल्याला वाकून नमस्काराची सवय आहे, तेव्हा हे सोपं जातं. घड्याळाचं मात्र जपा: तिथे तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे त्यांचे 'तीन' म्हणजे आपले सकाळचे नऊ. भेट ठरवताना दोन्ही पद्धतींनी बोलून घ्या.

घरी रोज व्हिडिओ कॉल करू नका. आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळा पुरतात. आपल्या आणि त्यांच्या घड्याळात अडीच तासांचा फरक, त्यामुळे आईची जेवणं आटोपतात तेव्हा तुम्ही कामावरून आलेले असता, वेळ छान जमते. रोजच्या कॉलमध्ये सांगण्यासारखं काही नसलं की रडगाणं सुरू होतं आणि नागपुरात उगाच काळजी लागून राहते.

पायरी ८: फिरणं

फिरा. पण आधी तीन-चार महिने कामात रुळा. निवास परवाना हातात असला की टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पर्यटकापेक्षा बरंच कमी शुल्क पडतं, म्हणून सेरेंगेटीची घाई परवाना येईपर्यंत थांबवा. दार-एस-सलाम ते झांझिबार फेरीने साधारण दोन तास. दार ते डोडोमा नवी विजेची रेल्वे २०२४ पासून धावते आणि ती वेळेवर असते. वेळ हाताशी असेल आणि गाडी चालू असेल तर ताझारा रेल्वे: दारपासून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंत १८६० किलोमीटर, चीनने सत्तरच्या दशकात बांधलेली. ती कधी पोचेल हे विचारायचं नाही. डबा, पाणी, पत्ते घेऊन बसायचं.

रात्रीची बस टाळा, आणि 'बोडा' म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवर हेल्मेट नसेल तर बसू नका. बाहेर गेलेल्या स्वयंसेवकांना सिंहाचं नाही, रस्त्याचं भय असतं. किलिमांजारो ५८९५ मीटर आहे. दिवस कमी देणारा स्वस्त गाइड म्हणजे उंचीच्या आजाराला आमंत्रण.

पायरी ९: घरी येणं

याबद्दल कुणी काही सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

तारीख ठरवताना आधी परवाना पाहा. तो एकदाच प्रवेश देणारा असेल तर बाहेर पडलं की परतीचं दार बंद. नागपुरात थेट येणारी आखाती विमानं दोहा आणि शारजाच्या मार्गाने राहिली आहेत; चालू वेळापत्रक बघा, नाहीतर मुंबईला उतरून विदर्भ एक्सप्रेस आहेच. मे महिन्यात येऊ नका. पंचेचाळीस अंशांत कूलरसमोर बसून सुट्टी संपते. दिवाळी किंवा डिसेंबर बरा.

येण्याची तारीख फक्त घरच्यांना सांगा, बाकी नातेवाइकांना दोन दिवस पुढची. ते दोन दिवस झोपेचे आणि आईच्या हातच्या वरणभाताचे. उतरल्या उतरल्या तर्री पोह्यांवर तुटून पडू नका. कित्येक महिने उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि उकडलेल्या भाज्यांवर काढलेलं पोट तर्रीला उत्तर देतं, आणि मग पहिला आठवडा ताकावर जातो.

सुट्टीतली कामं पहिल्याच आठवड्यात उरका: बँकेचं केवायसी, दात, डोळे, रक्त तपासणी, लसींचे राहिलेले डोस, पुढच्या वर्षाची औषधं. दातांचं नक्की. तिथे दाढ ठणकली तर रात्रभर बसने जावं लागतं.

भेटवस्तूंत हस्तिदंत, शंख-प्रवाळ, कातडी असलं काही आणू नका, गुन्हा आहे. कांगा आणा. दोन तुकड्यांचं सुती कापड, कडेला स्वाहिलीत एखादी म्हण छापलेली. वजनाला हलकं आणि सगळ्या काकू-मावश्यांना पुरतं. माझ्या आजीने तिच्या कांगाची दुलई शिवून घेतली आणि म्हण नेमकी पायाशी आली. तिला मी अर्थ सांगितलेला नाही.

प्रश्न ठरलेले असतात. 'सिंह पाहिला का?' 'महिन्याला किती देतात?' 'काऊन गेली बे तिकडे, आपल्याकडे का गरीब नाहीत?' पहिल्याला फोटो दाखवा. दुसऱ्याला 'भागतं' म्हणा आणि विषय बदला. तिसरा प्रश्न खरा आहे, त्याला उडवून लावू नका. मी सांगते की मी गरिबी बघायला गेले नाही, एका लॅबमध्ये माणूस कमी होता तिथे गेले. मग लोक लॅबबद्दल विचारतात. चौथा प्रश्न लग्नाचा. त्याचं उत्तर तुमचं तुम्हीच शोधा.

तिथल्या लोकांच्या रंगावरून, खाण्यावरून घरात विनोद होतील. हसून सोडू नका. ज्यांच्या ताटात तुम्ही जेवता त्यांच्याबद्दल चाललेलं असतं ते. शांतपणे एखाद्या सहकाऱ्याचं नाव घेऊन गोष्ट सांगितली की बहुतेक लोक ओशाळतात. शाळेत किंवा मंडळात बोलायला बोलावलं तर जा, पण रुग्णांचे आणि मुलांचे फोटो दाखवू नका. इथे एखाद्या परदेशी माणसाने आपल्या मेडिकलच्या वॉर्डातले फोटो काढून नेले असते तर आपल्याला चाललं असतं का?

एक त्रास जवळपास प्रत्येकाला होतो. एखाद्या लॉनवर लग्न असतं, ताटांत निम्मं अन्न टाकलेलं असतं, आणि तुमच्या डोक्यात बफरच्या गोळ्यांची किंमत फिरत असते. तिथे भाषण द्यायचं नाही. नवऱ्या मुलीला आशीर्वाद द्या, जेवा, ताट रिकामं करून उठा. उलट बाजूनेही असंच होतं: तुमच्याकडे सांगायला खूप असतं आणि ऐकणाऱ्याकडे पाच मिनिटं. मैत्रिणींचं आयुष्य पुढे सरकलेलं असतं, कुणाचं बाळ, कुणाचा फ्लॅट. त्यांचं आधी ऐका. सविस्तर बोलायला तुमच्यासारखाच कुणी परतलेला शोधा. नागपुरात आपण आहोत बरेच.

सगळ्यात महत्त्वाचं, आईबाबांना नीट बघा. व्हिडिओ कॉलवर चेहरा दिसतो, चाल दिसत नाही. जिना चढताना बाबा कुठे थांबतात, आईचं औषध डब्यात तसंच पडलंय का, बिलं कोण भरतंय, हे या सुट्टीत पाहायचं असतं. शेजारच्या घरात एक किल्ली आणि तुमचा परदेशातला नंबर ठेवा. त्यांचा आरोग्यविमा चालू आहे ना तपासा. अचानक यावं लागलं तर तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवलेले असावेत, आणि त्यांना हात लावायचा नाही, झांझिबारसाठीसुद्धा नाही.

परत जाताना संत्रा बर्फी न्या. आमच्या लॅबमध्ये ती एका चहात संपायची. दुधाची असते, तेव्हा पोचल्या पोचल्या वाटून टाका.

पायरी १०: करार संपताना

शेवटच्या दोन महिन्यांत नवं काही सुरू करू नका, असलेलं दुसऱ्याच्या हाती द्या. माझी साठ्याची वही मी निघण्याच्या कितीतरी आधी तिथल्या ताईकडे दिली आणि मागणीपत्रं तिच्या सहीने जाऊ लागली. निघण्यापूर्वी परवाना रीतसर परत करा, मोबाईलवरचे पैसे काढून घ्या, पगार नसला तरी भत्त्याचा हिशेब लेखी घ्या. आणि अनुभवाचं प्रमाणपत्र: लेटरहेड, तारखा, कामाचं वर्णन, गोल शिक्का, सही करणाऱ्याचं पद आणि ईमेल. नुसत्या सहीचं पत्र इथल्या एचआरला चालत नाही, आणि बदली होऊन गेलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला नागपुरातून शोधणं फार अवघड जातं.